शिरगणतीत न सापडणाऱ्या पेशी

सुगीच्या दिवसांत भरदुपारी एखादा कारकून गावाची शिरगणती करायला आला, तर त्याच्या वहीत निम्मं गाव ओस दिसेल. दारांना कड्या, ओसरीवर एखादी म्हातारी, बाकी कोणी नाही. यातली बहुतेक माणसं शेतावर असतात, काही घरात असूनही दार उघडत नाहीत आणि काही खरोखरच देवाघरी गेलेली असतात. वहीत मात्र सगळ्यांचा मिळून एकच आकडा पडतो. 'नॅचरल किलर टी', थोडक्यात एनकेटी, या पेशींच्या वाट्याला गेल्या ४० वर्षांत अशीच शिरगणती आली. एचआयव्ही, क्षय, ब प्रकारची कावीळ अशा वर्षानुवर्षं शरीरात ठाण मांडणाऱ्या संसर्गांत या पेशी 'कमी होतात', असं २००० सालानंतर वारंवार छापून आलं. विधान खोटं नाही. पण 'कमी होणं' या एका क्रियापदात निरनिराळ्या घटना कोंबल्या गेल्या, आणि त्या सुट्या करण्यात संशोधकांची पुढची बरीच वर्षं गेली. मोजण्याचं साधन बदललं की पेशींची कथा बदलली, असं या इतिहासात पुनःपुन्हा घडलं आहे. तो क्रमाने पाहिला, तर जुनाट संसर्गात या पेशींची संख्या घटण्यापेक्षा त्यांचा स्वभाव पालटतो ही गोष्ट मोठी ठरते. शिवाय त्या पालटामागे जंतूचा हात असतो तसाच शरीराचा स्वतःचाही असतो.

आधी या पेशींचं वेगळेपण. कोविडच्या काळात टी-पेशी हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. नेहमीच्या टी-पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात. प्रत्येकीचा रिसेप्टर, म्हणजे पृष्ठभागावरचा ओळख पटवणारा रेणू, निराळा असतो. नवा जंतू आला की त्याला जुळणाऱ्या मोजक्या पेशी शोधून त्यांची फौज वाढवायला शरीराला आठवडाभर तरी लागतो. एनकेटी पेशी या शिस्तीत बसत नाहीत. त्यांच्या रिसेप्टरचा अर्धा भाग जवळजवळ सगळ्यांमध्ये एकसारखाच असतो, त्या प्रथिनांऐवजी मेदयुक्त रेणू ओळखतात, आणि चिथावणी मिळाल्यावर काही तासांतच संदेशरेणूंचा मारा सुरू करतात. उंदराच्या यकृतातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी २० ते ३० टक्के पेशी या जातीच्या असू शकतात. माणसाच्या रक्तात मात्र दर हजार टी-पेशींमागे जेमतेम एखादी सापडते, आणि दोन निरोगी माणसांच्या आकड्यांतही शंभरपट फरक असू शकतो. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे अनेक गैरसमज इथेच उगवले.

या पेशींचा शोध लागला तोच मुळी एका पडझडीच्या ढिगाऱ्यात. १९७० च्या दशकात येल विद्यापीठातले रिचर्ड गर्शन आणि जपानमधले तोमिओ तादा यांच्या कामामुळे 'दाबून टाकणाऱ्या', म्हणजे सप्रेसर टी-पेशींची कल्पना जोरात होती. या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाचा एक रेणू १९७६ मध्ये पुढे आला आणि त्याचं जनुक उंदराच्या गुणसूत्रावर नेमकं कुठे असणार, हेही ठरून गेलं. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लीरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेतला मिचेल क्रोनेनबर्ग हा तरुण संशोधक आणि त्याचे सहकारी यांनी ती जागा जनुकशास्त्राच्या नव्या साधनांनी तपासली. तिथे असं जनुक मिळालंच नाही. सप्रेसर पेशींची सगळी इमारत डळमळली आणि पुढची काही वर्षं त्या विषयाचं नाव काढणंही अनेकांना नकोसं झालं. तादांचे सहकारी मासारू तानिगुची मात्र चिबा विद्यापीठात त्याच पेशींच्या वाढवलेल्या वाणांवर काम करत राहिले. १९८६ मध्ये त्यांच्या गटाने या वाणांमधल्या रिसेप्टरची जनुकीय रचना वाचली, तेव्हा व्ही-अल्फा-१४ हा एकच भाग पुनःपुन्हा समोर आला. ज्या पेशी शोधायला ते निघाले होते त्यांचं अस्तित्वच वादात सापडलं होतं. हाती लागली ती निराळीच पेशी. आणि ज्या क्रोनेनबर्गच्या निबंधाने ती जुनी इमारत पडली, तेच पुढे ला होया इथे एनकेटी पेशींचे आघाडीचे अभ्यासक झाले.

तानिगुचींच्या हाती जे लागलं त्याचे इतर अवयव त्याच सुमारास दुसरीकडे चाचपडले जात होते. नॅचरल किलर पेशी १९७५ पासून माहीत होत्या, पण त्या टी-पेशी नव्हेत. १९८७ मध्ये उंदराच्या थायमस ग्रंथीत टी-पेशींचा एक विचित्र गट निरनिराळ्या प्रयोगशाळांना दिसला. नंतर कळलं की त्यांच्यावर नॅचरल किलर पेशींची एनके१.१ ही खूणही असते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत योशिमोतो आणि विल्यम पॉल यांनी दाखवलं, की चिथावल्यावर तासा-दीड तासात इंटरल्युकिन-४ हा संदेशरेणू ओतणाऱ्या पेशी त्या याच. त्याच वर्षी लांत्झ आणि बेंडेलॅक यांनी उंदरातला तो न बदलणारा रिसेप्टर आणि माणसातला व्ही-अल्फा-२४ एकमेकांचे भाऊबंद असल्याचं सिद्ध केलं. १९९५ मध्ये 'एनके टी पेशी' हे नाव छापून आलं. नाव सोयीचं होतं आणि तिथेच घोळाची बीजं पडली. एनके१.१ ही खूण प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या काहीच जातींत असते, इतर जातींत नसते. माणसात तर 'टी-पेशीची एक खूण आणि किलर पेशीची एक खूण' एवढ्या ढोबळ कसोटीवर कितीतरी निराळ्या पेशी या नावाखाली घुसल्या. २००४ मध्ये क्षेत्रातल्या पाच जाणत्या मंडळींना 'नावात काय आहे' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून कोणाला एनकेटी म्हणायचं आणि कोणाला नाही, हे सांगावं लागलं. तोवर झालेल्या बऱ्याच शिरगणत्यांची वही त्यामुळे पुन्हा तपासावी लागणार होती.

जुनाट संसर्गाशी या पेशींचा संबंध जुळला तो त्या मेदरेणूंमुळे. पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१ नावाचं एक कुटुंब असतं. १९७९ मध्ये मॅकमायकेल आणि मिल्स्टीन यांच्या गटाने थायमसच्या पेशींवर ते प्रथम ओळखलं, पण ते नेमकं काय करतं हे बराच काळ कोडंच होतं. १९९४ मध्ये बोस्टनच्या ब्रेनर आणि पोर्सेली यांच्या गटाने त्याचं उत्तर दिलं: सीडी१ कुटुंबातला एक सदस्य क्षयाच्या जंतूच्या भिंतीतलं मायकोलिक आम्ल टी-पेशींपुढे मांडतो. पुढच्याच वर्षी महारोगाच्या व्रणातून मिळवलेल्या टी-पेशींनी जंतूच्या भिंतीतला असाच मेदशर्करेचा रेणू ओळखल्याचं दिसलं. क्षय आणि महारोग या दोघांचे जंतू मेणचट भिंतीचे, वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून बसणारे. त्यांची ती भिंतच ओळखणारी यंत्रणा शरीरात आहे, ही कल्पना भुरळ पाडणारी होती. १९९५ मध्येच बेंडेलॅक यांच्या गटाने एनकेटी पेशी याच कुटुंबातल्या सीडी१डी या सदस्याशी जुळतात हे दाखवलं, आणि तर्क आपोआप पुढे सरकला: मेदरेणू ओळखणारी, तासाभरात जागी होणारी ही पेशी क्षयाशी लढणारी पहिली फळी असणार. तेव्हाच्या बऱ्याच अभ्यासकांनी सीडी१ च्या निरनिराळ्या सदस्यांमधला फरक फारसा मनावर घेतला नाही. महारोगाच्या व्रणात सापडलेल्या त्या पेशी एनकेटी नव्हत्याच; त्या सीडी१बी ओळखणाऱ्या होत्या.

एनकेटी पेशीला नेमकी चिथावणी कशाने मिळते, याचं उत्तर समुद्रातून आलं, आणि तेही एका बीअर कंपनीच्या हातून. ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या 'अगेलास मॉरिशियानस' या स्पंजात कर्करोगाला रोखणारी रसायनं आहेत का, याचा शोध जपानची किरिन ब्रुअरी घेत होती. १९९३ मध्ये त्यातून काही मेदशर्करा वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांतल्या एकीवरून प्रयोगशाळेत बनवलेल्या रेणूला कंपनीच्या नावावरून केआरएन७००० म्हणू लागले. शास्त्रीय भाषेत हा अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड. १९९७ मध्ये तानिगुचींच्या गटाने दाखवलं, की हा रेणू सीडी१डी च्या खोबणीत बसतो आणि एनकेटी पेशींना पेटवून उठवतो. स्पंज आणि सस्तन प्राणी यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर; मग स्पंजाच्या रसायनाला उंदराची पेशी का भुलते? स्पंजात राहणाऱ्या जिवाणूंकडून तो रेणू आला असावा, असा तर्क पुढे झाला, आणि २००५ मध्ये स्फिंगोमोनास या जिवाणूंच्या भिंतीत त्याचा जवळचा नातलग सापडल्यावर त्या तर्काला बळ आलं. पण इथे महत्त्वाचं एवढंच, की संशोधकांच्या हाती आता एक चावी होती. ती फिरवली की नेमकी हीच पेशी जागी होणार. २००० मध्ये बेंडेलॅक आणि क्रोनेनबर्ग यांच्या गटांनी हा रेणू भरलेल्या सीडी१डी च्या चौकड्या, म्हणजे टेट्रामर, बनवल्या आणि त्यांना चमकणारा रंग जोडला. चौकडी ज्या पेशीला चिकटेल ती एनकेटी. शिरगणतीला पहिल्यांदाच चोख ओळखपत्र मिळालं.

ते ओळखपत्र हाती आल्यावर पहिला धक्का बसला तो जुन्या निष्कर्षांनाच. १९९८ मध्ये उंदरांत दिसलं होतं, की एनकेटी पेशींना जोरात चिथावलं की काही तासांतच त्या यकृतातून नाहीशा होतात. पेटून उठतात आणि मरतात, असा अर्थ लावला गेला आणि रुळलाही. २००१ मध्ये एलसीएमव्ही या विषाणूच्या संसर्गातही त्या मोठ्या संख्येने नाहीशा झाल्याचं दिसलं, आणि तिथे मृत्यूचे पुरावेही होते. पण २००३ मध्ये दोन गटांनी तीच चिथावणी देऊन तासागणिक पाहिलं, तेव्हा वेगळंच चित्र उभं राहिलं. पेटलेली एनकेटी पेशी आपला रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि एनके१.१ ही खूणही गाळते. चौकडी चिकटायला जागाच उरत नाही, म्हणून ती मोजणीत येत नाही. दोन-तीन दिवसांनी रिसेप्टर परत येतो आणि पेशी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसू लागतात. कडी लावून आत बसलेल्या माणसांना मेलेलं म्हणण्यातला प्रकार हा. त्याच वेळी एलसीएमव्हीमधला मृत्यू खोटा ठरला नाही. २००५ मधल्या कामातून ती घट दीर्घकाळ टिकते हेही दिसलं. म्हणजे एकाच आकड्यामागे कधी मृत्यू, कधी लपणं. कोणत्या संसर्गात काय, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे ठरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

एचआयव्हीत निकाल लवकर लागला आणि तो मृत्यूच्या बाजूने होता. २००२ या एकाच वर्षी तीन स्वतंत्र गटांनी बाधित व्यक्तींच्या रक्तात एनकेटी पेशी ठळकपणे कमी असल्याचं नोंदवलं. यामागचं कारणही सापडलं. माणसातल्या एनकेटी पेशींपैकी बऱ्याच पेशींवर सीडी४ हा रेणू असतो आणि सीसीआर५ ही दुसरी कडीही असते. विषाणूला आत शिरायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. प्रयोगशाळेत या पेशी इतर टी-पेशींपेक्षाही सहज बाधित झाल्या, आणि रुग्णांत सीडी४ असलेला एनकेटी गटच अधिक घटलेला दिसला. घट लागण झाल्यावर लवकरच होते, रोग हाताबाहेर गेल्यावर नव्हे. मग विषाणूच्या प्रथिनांचं काम उलगडलं: नेफ आणि व्हीपीयू ही दोन्ही प्रथिनं बाधित पेशीच्या पृष्ठभागावरून सीडी१डी हटवतात, म्हणजे एनकेटी पेशीला दाखवायचा पुरावाच दडपतात. ज्या पेशीचं काही महत्त्व नाही, तिच्यापासून लपायला विषाणूने दोन-दोन प्रथिनं कामाला लावली नसती. औषधोपचार सुरू झाल्यावर काही रुग्णांत संख्या सावरतेही. पण २००९ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी या शिल्लक पेशींना काम देऊन पाहिलं, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. जुनाट बाधेत टिकून राहिलेल्या एनकेटी पेशी नीट वाढत नव्हत्या, इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशरेणू पुरेसा सोडत नव्हत्या, आणि त्यांच्यावर पीडी-१ हा लगाम घालणारा रेणू चढलेला होता. तो लगाम बाहेरून अडवला, तरी त्या पूर्ववत झाल्या नाहीत. पलटण संख्येने अर्धी उरली, हे एक. उरलेल्या सैनिकांच्या हातातली बंदूक चालत नाही, हे दुसरं, आणि अधिक गंभीर.

क्षयाची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भारतात असल्यामुळे आपल्याला जवळची. १९९४ च्या मायकोलिक आम्लाने वाढवलेल्या आशेवर १९९९ मध्येच पाणी पडलं. बोस्टनच्या सॅम्युएल बेहर यांच्या गटाने सीडी१डी नसलेल्या, म्हणून एनकेटी पेशी नसलेल्या उंदरांना क्षयाची लागण केली. ते उंदीर इतरांपेक्षा लवकर मेले नाहीत. इथेच हा विषय मिटला असता. पण त्याच गटाने २००२ मध्ये स्पंजाच्या रेणूने एनकेटी पेशी मुद्दाम जागवल्या, तेव्हा क्षयग्रस्त उंदीर जास्त दिवस जगले आणि त्यांच्या फुप्फुसांतले जंतू कमी झाले. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं, की बाधित भक्षक पेशी समोर आली की एनकेटी पेशी तिला ओळखते, इंटरफेरॉन-गॅमा सोडते आणि आतले जंतू मारायला मदत करते. माणसांत २००७ मध्ये फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात एनकेटी पेशी कमी आढळल्या. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासात तीच घट दिसली. शिवाय उरलेल्या पेशी अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइडला नीट प्रतिसाद देत नव्हत्या, वाढण्याऐवजी मरत होत्या, आणि त्यांच्यावरही पीडी-१ वाढलेला होता. एचआयव्हीचा विषाणू या पेशींत शिरून त्यांना मारतो. क्षयाचा जंतू त्यांच्यात शिरत नाही. तरीही दोन्हीकडचं अखेरचं चित्र इतकं मिळतंजुळतं कसं?

याचं सगळ्यांत समर्पक उत्तर २००८ च्याच एका निबंधात आहे, आणि त्याकडे हवं तितकं लक्ष गेलं नाही. ब्रेनर यांच्या गटातल्या चिबा आणि सहकाऱ्यांनी उंदरांना बीसीजी ही क्षयावरची जिवंत जंतूंची लस टोचली आणि एनकेटी पेशींवर आठवडेभर नजर ठेवली. सुरुवातीला पेशी झपाट्याने जाग्या झाल्या, इंटरफेरॉन-गॅमा सोडलं. आणि मग जंतू शरीरात असूनही आपणहून शांत झाल्या. दुसऱ्यांदा चिथावणी दिली तरी त्या उठेनात. त्यांचा प्रतिसाद स्वतःच स्वतःला आवर घालणारा होता. याच्या अलीकडेपलीकडे पुरावा साठतच होता: नुसता स्पंजाचा रेणू टोचला की एनकेटी पेशी एकदा पेटून पुढे दीर्घकाळ बधिर होतात, हे २००५ मध्ये व्हान केअर यांच्या गटाने नीट मांडलं होतं, आणि त्या बधिरतेत पीडी-१ चा वाटा असल्याचं पुढच्या काही वर्षांत दिसलं. यातून उभा राहणारा अर्थ असा. एनकेटी पेशी ही मुळातच पहिल्या घटकेची पेशी. वणवा पेटल्यावर ओरडून गाव जागं करायचं आणि मग बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. जुनाट संसर्गात वणवा विझतच नाही. हाक देणाराला रोज हाक द्यावी लागते, आणि शरीराने त्याला गप्प करण्याची जी सोय करून ठेवली आहे, ती कायमची लागू होते. जुनाट संसर्गातला एनकेटीचा पालट म्हणजे केवळ जंतूने केलेली मोडतोड नव्हे. एरवी उपयोगी असलेली शिस्त इथे नको तितकी लांबते.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला बेहर यांच्या १९९९ च्या उंदरांचा: एनकेटीशिवायही त्यांचं भागलं, मग तिच्या पालटाची एवढी चर्चा कशाला? हा आक्षेप अर्धा मान्य करायलाच हवा. उंदराच्या क्षयात ही पेशी अपरिहार्य नाही. पण जन्मापासून एक खांब नसलेलं घर बाकीच्या खांबांवर उभं राहायला शिकतं. त्यावरून तो खांब मधूनच काढला तर काय होईल, हे कळत नाही. शिवाय ज्या यंत्रणेवर विषाणूने दोन प्रथिनं खर्च केली, तिला बिनकामाची म्हणणं धाडसाचं आहे. दुसरा आक्षेप रक्ताचा. जवळजवळ सगळे मानवी अभ्यास हाताच्या शिरेतल्या रक्तावर झाले, आणि पेशी फुप्फुसात किंवा यकृतात उतरल्या असतील तर रक्तातली घट फसवी ठरते. हेही खरं. म्हणूनच इथे संख्येपेक्षा शिल्लक पेशींच्या वागण्याला वजन दिलं आहे. रक्तात राहिलेली पेशी चिथावूनही इंटरफेरॉन सोडत नसेल, तर 'बाकीच्या शेतावर आहेत' हे स्पष्टीकरण तिला लागू पडत नाही. (चांगल्या पेशी शेतावर आणि कामचुकार तेवढ्या गावात, असंही कोणी म्हणेल. ती शक्यता पूर्ण फेटाळता येत नाही, पण निरनिराळ्या रोगांत तोच नमुना पुनःपुन्हा दिसावा, हे तिच्या विरुद्ध जातं.) तिसरा आक्षेप कारण आणि परिणाम यांचा: ज्यांच्यात मुळातच या पेशी कमी त्यांनाच क्षय होत असेल तर? निरोगी माणसांतला शंभरपट फरक पाहता हा प्रश्न रास्त आहे, आणि माणसांच्या एकवेळच्या रक्ततपासणीतून त्याचं उत्तर मिळूच शकत नाही. पण उंदराला आपण स्वतः बीसीजी टोचतो, तेव्हा आधी काय आणि नंतर काय याबद्दल संशय उरत नाही. आणि तिथे बधिरता नंतरच आली.

हा निष्कर्ष नुसता पुस्तकी नव्हता, हे उपचारांच्या प्रयत्नांत दिसलं. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिसारी यांच्या गटाने ब प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृतात बनवणाऱ्या उंदरांना स्पंजाच्या रेणूचं एकच इंजेक्शन दिलं, आणि दिवसभरात विषाणूची वाढ थांबली. इतका सरळ निकाल विज्ञानात क्वचितच मिळतो. मग माणसांचा विचार सुरू झाला. पहिली चाचणी काविळीची नव्हे, कर्करोगाची होती. ॲमस्टरडॅममध्ये २४ रुग्णांना केआरएन७००० दिलं गेलं आणि २००२ मध्ये निकाल छापून आला: औषध सोसलं, पण २४ तासांच्या आत एनकेटी पेशी रक्तातून दिसेनाशा झाल्या. पुढच्याच वर्षी उंदरांत रिसेप्टर आत ओढण्याचा प्रकार उघडकीला आला, तेव्हा या दिसेनासं होण्याचा एक संभाव्य अर्थ कळला. चाचणी आखताना तो कोणालाच माहीत नव्हता. यानंतर रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी जुनाट ब-काविळीच्या रुग्णांवर हा रेणू वापरून पाहिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रुग्णांना औषध नीट सोसलं नाही आणि विषाणूवर ठळक परिणामही झाला नाही. क प्रकारच्या काविळीतही याहून वेगळं काही हाती लागलं नाही. उंदीर आणि माणूस यांच्यातला संख्येचा फरक, यकृतातलं प्रमाण, मात्रा अशी अनेक स्पष्टीकरणं दिली गेली. पण त्या उंदरांच्या एनकेटी पेशी ताज्या होत्या. रुग्णांच्या पेशींमागे अनेक वर्षांची बाधा होती. दमलेल्या पेशीला पुन्हा तीच चिथावणी देणं म्हणजे बसलेल्या बैलाला पराणी टोचत राहणं. मोकळा रेणू टोचण्याऐवजी तो सीडी१डी असलेल्या, जंतूंचे तुकडे इतर पेशींपुढे मांडणाऱ्या डेंड्रिटिक पेशींवर चढवून दिला तर बधिरता टळते, हे २००२ मध्येच उंदरांत दिसलं होतं, आणि पुढचे कर्करोगातले प्रयोग बरेचसे त्या वाटेने गेले. जुनाट संसर्गांच्या वाट्याला ती वाट फारशी आली नाही.

मग लगामच सोडला तर? २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी क्षयरुग्णांच्या रक्तातल्या एनकेटी पेशींवर नेमका हाच प्रयोग नळीत करून पाहिला. इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या पेशींवरच पीडी-१ जास्त होता, आणि तो अडवला की त्या पेशी मरणातून वाचत होत्या. एचआयव्हीत जे साधलं नव्हतं ते इथे साधलं. दोन रोगांतली दमणूक वरवर एकच दिसली तरी एकजात नव्हती. पीडी-१ अडवणारी औषधं तोवर कर्करोगासाठी बाजारात येऊ लागली होती, तेव्हा क्षयातही ती वापरावीत हा विचार सुचणं स्वाभाविक होतं. पण २०१० मध्येच पीडी-१ चं जनुक काढलेल्या उंदरांना क्षयाची लागण करून पाहिली गेली होती. लगाम नसलेल्या टी-पेशींनी जंतू झटपट मारायला हवे होते. झालं उलटंच: फुप्फुसांत दाह उसळला, जंतू बेसुमार वाढले आणि ते उंदीर साध्या उंदरांपेक्षा कितीतरी लवकर मेले. पुढे कर्करोगाच्या रुग्णांना हीच औषधं मिळू लागल्यावर, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात दबा धरून बसलेला क्षय उफाळून आल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतून येऊ लागल्या.